सात नव्हे, पाच

मी बोलायला नको होतं. बोललो ते खरं होतं, आणि तेच नडलं. खोटं बोललो असतो तर एव्हाना विसरूनही गेलो असतो. जानेवारी 2025 मधली गोष्ट. नाशिकच्या गोल्फ क्लबवर महाराष्ट्र-बडोदा रणजी सामना चालू होता. सकाळी चालायला येणाऱ्यांचा ट्रॅक त्या चार दिवसांत बंद, म्हणून निम्मे चालणारेच प्रेक्षक होऊन बसलेले, अंगात तेच स्वेटर आणि पायात तेच बूट. बाकीची गर्दी ऋतुराज गायकवाडला पाहायला. पोरं मोबाइल वर धरून बसलेली, ऋतुराज सीमारेषेकडे आला की एकच गलका. रणजीच्या पहिल्या तासात एरवी जो आवाज ऐकू येतो, यष्टिरक्षकाच्या ग्लोव्हजमध्ये चेंडू बसल्याचा तो ‘थप्प’, तो ऐकायला मी खरं तर आलो होतो. तर माझ्या पुढच्या रांगेत माझ्याच वयाचा एक माणूस, माकडटोपी कपाळापर्यंत गुंडाळून वर केलेली, शेजारी दहा-अकरा वर्षांचा नातू. नातवाला शेंगा सोलून देता देता तो सांगत होता, की तेव्हा इथे मॅटिंग, म्हणजे चटईची खेळपट्टी होती, त्रंबक रोडच्या बाजूने वारा यायचा, आणि त्या वाऱ्यात चेंडू असा आत यायचा. सांगता सांगता तो उभा राहिला. दोन खुर्च्यांच्या मधल्या जागेत त्याने रनअपची शेवटची तीन पावलं टाकून दाखवली. दोन सरळ आणि तिसऱ्याच्या आधी एक बारीकशी उडी, पायाखाली दोरी आल्यासारखी.

चेहरा मी ओळखला नसता. ती उडी ओळखली.

“एका मॅचला सात काढल्या होत्या इथे,” तो नातवाला म्हणाला. “देवळालीच्या टीमच्या.” आणि माझ्या तोंडातून गेलं, “सात नाही, पाच.” तो वळला. वळल्यावर ओळख पटण्याची काही शक्यता नव्हती. स्कोअररचा चेहरा कोण लक्षात ठेवतो? “तुम्ही खेळत होता का?” “नाही, स्कोअरर होतो.” त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग हातातली सोललेली शेंग तशीच खिशात टाकली आणि म्हणाला, “असतील बुवा. पाच असतील.” आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. नातू मात्र आधी माझ्याकडे, मग आजोबाकडे बघून म्हणाला, “पाच पण खूप असतात ना आजोबा?” आजोबा हो म्हणाले. त्यानंतर तासभर ते दोघं बसून होते, पण गोष्ट काही पुढे सरकली नाही. लंच झाला तसे उठून गेले. जाताना मी मुद्दाम फलकाकडे बघत राहिलो.

स्कोअरर कसा झालो ते सांगायला फार काही नाही. मला खेळता येत नव्हतं. बॅट धरली की कोपर वर राहायचं आणि चेंडू टाकला की तो पहिल्यांदा माझ्याच पायाशी पडायचा. पण अक्षर चांगलं होतं आणि बेरीज चुकत नव्हती, तेव्हा क्लबच्या सेक्रेटरीने एक दिवस हातात पेन्सिल दिली आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी नेऊन बसवलं. मोबदला म्हणजे दोन वडापाव आणि लागेल तितका चहा. ते टेबल कायम एका पायाने लंगडं, त्याखाली विटेचा तुकडा. वाऱ्याने पान उलटू नये म्हणून वहीवर दगड ठेवायचा, आणि तो दगडसुद्धा ठरलेला, सामना संपला की किटबॅगेत टाकायचा. शेजारी दुसऱ्या टीमचा स्कोअरर. षटक संपलं की एकमेकांना विचारायचं, “टॅली?” “टॅली.” दोघांचा आकडा जुळला नाही की जेवणाच्या सुट्टीत एकेक षटक मागे जाऊन शोधायचं, एक लेगबाय कुठे सांडली म्हणून. बघणाऱ्यांना वाटतं स्कोअरर म्हणजे कारकून. पण अंपायरने बायचा हात वर केला, की स्कोअररने उलट हात वर केल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही. अख्ख्या मैदानावर माझ्यासाठी कुणी थांबायचं, असे ते दोन सेकंद. एकदोनदा मी मुद्दाम उशीर लावलाय, आता सांगायला हरकत नाही.

रिकाम्या चेंडूला ठिपका. निर्धाव षटक गेलं की सहा ठिपके रेघांनी जोडून इंग्रजी एम काढायचा. नो बॉलला गोल. विकेटला लाल पेन. माझ्याकडे लाल पेन एकच होतं आणि ते गळायचं, त्यामुळे विकेट पडली की बोटही लाल व्हायचं. चांगला दिवस असला की हात धुताना कळायचं.

तो सामना 1987 च्या डिसेंबरातला. रिलायन्स कप नुकताच होऊन गेला होता. नागपूरला चेतन शर्माने न्यूझीलंडच्या तिघांच्या ओळीने दांड्या उडवल्या होत्या, आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने नाशकातला प्रत्येक मध्यमगती गोलंदाज यॉर्करच टाकायचा प्रयत्न करत होता. मॅटिंगवर यॉर्कर टाकणं म्हणजे दोराच्या शिवणीशी जुगार. याने तो टाकला नाही. हा आपला आखूड टप्प्याच्या जरा पुढे, ऑफच्या जरा बाहेर, तासन्‌तास तेच. कंटाळवाणं वाटायचं. लिहिताना मात्र तोच आवडायचा, कारण त्याची पानं स्वच्छ राहायची. आम्हा स्कोअररांचं प्रेम असं असतं, कोण देखणा खेळतो यापेक्षा कुणाच्या षटकात खाडाखोड कमी होते यावर.

स्थानिक खेळाडूंच्या मागे लागणं हा छंद आहे की खोड, मला अजून ठरवता आलेलं नाही. देशाच्या टीमच्या मागे सगळेच असतात, त्यात स्वतःचं असं काही करावं लागत नाही. गावातल्या खेळाडूच्या मागे असायचं तर बारीक अक्षरातलं वाचावं लागतं. महाराष्ट्राचा डाव छापून आला की वरचे तीन फलंदाज सोडून मी आधी गोलंदाजीच्या ओळीला जातो, तिथे सत्यजित बच्छाव आहे का बघतो, आणि असला की त्याची षटकं मोजतो. डावखुऱ्या फिरकीला रणजीत फार टाकावं लागतं, आणि जितकं टाकावं लागतं तितकं छापून येत नाही. मुर्तझा ट्रंकवालाचं नाव सलामीला दिसलं की तो दिवस मला जरा बरा जातो. या मुलांशी माझी ओळख नाही, त्यांनी मला कधी पाहिलंही नसेल. तरी कुणी त्यांच्याबद्दल वाकडं बोललं की मी घरातल्यासारखा चिडतो.

आणि मग एखादा अचानक सगळ्यांचाच होऊन जातो. 2024 च्या नोव्हेंबरात आयपीएलच्या लिलावात आमच्या नाशिकच्या रामकृष्ण घोषला चेन्नईने 30 लाखांना घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅकवर त्याला लहानपणापासून ओळखणारी निदान पंचवीस माणसं निघाली. एकाने तर त्याला पहिला चेंडू आपणच दिल्याचं सांगितलं. मी हसलो, पण आतून थोडं दुखलंही. आतापर्यंत बारीक अक्षरातलं होतं ते ठळक झालं, की आपल्याकडे काय उरतं? सिन्नरच्या माया सोनवणेच्या वेळी असंच झालं होतं. 2022 च्या मे महिन्यात महिलांच्या टी-ट्वेंटी चॅलेंजमध्ये ती व्हेलॉसिटी संघाकडून लेगस्पिन टाकायला आली आणि तिची ती तऱ्हा, चेंडू सोडताना मान पार खाली, नजर जमिनीकडे, डोकं गुडघ्याकडे निघालेलं, तिचे व्हिडिओ देशभर फिरले. लोकांना नवल वाटत होतं की हिला समोरचं दिसतं कसं. मला तेव्हा एवढंच वाटलं, की सिन्नरच्या एखाद्या मैदानावर कुणीतरी तिच्याही षटकांचे ठिपके काढले असतील, आणि आता तो माणूस टीव्हीसमोर बसून सगळ्यांना सांगत असेल. कुणी ऐकत असेल का त्याचं?

बापू नाडकर्णींचं नाव काढल्याशिवाय नाशिकच्या माणसाचं क्रिकेटवरचं बोलणं पुरं होत नाही. जन्म नाशिकचा, 1933 चा, एवढ्या भांडवलावर आम्ही नव्वद वर्षं व्याज खातोय. मद्रासच्या कसोटीत, जानेवारी 1964 मध्ये, इंग्लंडविरुद्ध त्यांनी ओळीने 131 चेंडूंवर धाव दिली नाही. 32 षटकं, 27 निर्धाव, 5 धावा. हे सगळ्यांना पाठ असतं. पण चौथा आकडा म्हणताना लोकांचा आवाज खाली येतो. चौथा आकडा शून्य आहे. विकेट नाही. मी मात्र त्या डावाचा विचार करतो तेव्हा मद्रासच्या स्कोअररच्या टेबलाशी जाऊन बसतो. दुपारची उष्णता, समोर वही, आणि एकामागून एक एम. ठिपका, ठिपका, ठिपका, ठिपका, ठिपका, ठिपका, जोडा रेघा. ओळीने एकवीस वेळा. त्या माणसाचा हात कसा चालला असेल! लाल पेन त्याच्या खिशातच राहिलं, आणि तरी साठ वर्षांनी लोकांना आठवतं ते हेच पान.

हे सगळं डोक्यात असताना मला सारखं डरहम आठवत होतं.

मुलगी तिकडे असते, नॉर्थ कॅरोलायनात. 2019 च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं गेलो होतो. जावई एका संध्याकाळी म्हणाला, बाबा, क्रिकेट नाही पण जवळचं काहीतरी दाखवतो, आणि डरहम बुल्सच्या सामन्याला घेऊन गेला. बेसबॉल मी तोवर फक्त चॅनेल बदलताना पाहिलेला. मैदान छान, हिरवळ इतकी एकसारखी कापलेली की तिच्यावर पाऊल टाकायला संकोच वाटावा. डाव्या बाजूच्या उंच भिंतीवर एक भलामोठा लाकडी बैल. त्याला चेंडू लागला तर स्टेक फुकट, त्याच्या पायाखालच्या गवताला लागला तर सॅलड. सौ.ला ते फार आवडलं, निदान गवतापुरती तरी आपली सोय केलीय म्हणाली. यजमान संघाने होमरन, म्हणजे आपल्याकडच्या षटकारासारखा फटका, मारली की बैलाचे डोळे लाल पेटतात आणि नाकपुड्यांतून धूर येतो. हे असलं काही गोल्फ क्लबवर असायला हवं, असं मला तेव्हाही वाटलं होतं. आपल्याकडे बैलांची काही कमतरता नाही, आणि पोळ्याला तर रंगवायलाही माणसं मिळतील.

ही टीम म्हणजे ट्रिपल-ए, मोठ्या लीगच्या बरोब्बर एक पायरी खाली. टॅम्पा बे रेज या मोठ्या संघाची ही ‘फार्म टीम’, शेतातली मुलं, वर जागा झाली की इथून उचलायची, तिथे जमलं नाही की परत इथे पाठवायची. माझ्या शेजारी पंचाहत्तरीची एक बाई बसलेली, मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर छापील तक्ता, कानाला पेन्सिल. मला एकदम घरी आल्यासारखं झालं. जावयामार्फत आणि माझ्या तोडक्या इंग्रजीत आम्ही बोललो. ती जुन्या मैदानापासून येते, म्हणजे 1995 मध्ये हे नवीन व्हायच्या आधीपासून. मोठ्या खेळाडूंच्या मानासाठी निवृत्त केलेले जर्सीचे नंबर भिंतीवर आहेत त्यातला 18 तिने बोटाने दाखवला, तो जो मॉर्गन नावाच्या खेळाडूचा. 1963 मध्ये तो इथे खेळला होता, पुढे फार मोठा झाला. मग ती एकेकाचं सांगू लागली. इव्हान लाँगोरिया 2008 च्या एप्रिलमध्ये इथूनच वर गेला. तो वर गेला, हा वर गेला, असं ती म्हणत होती आणि मी माझ्या मनात मराठी करत होतो, आणि आपल्याकडे माणूस वर गेला म्हणजे काय ते आठवून मला हसू आवरेना. पण थोड्या वेळाने वाटलं, तिच्या बाबतीत दोन्हीत फार फरक नाही. वर गेलेला पुन्हा तिच्या पुठ्ठ्यावर येत नाही. आला तर वाईट अवस्थेत येतो, खांदा दुखावून नाहीतर फॉर्म जाऊन, आणि तेव्हा आनंद व्हावा की वाईट वाटावं हे तिलाही कळत नसणार. त्या दिवशी खेळणाऱ्यांत डरहमचा म्हणावा असा कुणी आहे का, मी विचारलं. तिने मान हलवली. टीम गावाची, पोरं जगभरची. आपल्या महाराष्ट्र प्रीमिअर लीगमध्येही 2023 ला ईगल नाशिक टायटन्सचं नेतृत्व राहुल त्रिपाठीने केलं, सामने झाले पुण्याजवळ गहुंज्याला, आणि आम्ही इथे टीव्हीसमोर ‘आपली टीम’ म्हणून ओरडत होतो. तेव्हा मला ती बाई आठवली होती.

तिची पेन्सिल काय करते ते मी बघत राहिलो. स्कोअररची नजर जात नाही. बेसबॉलच्या तक्त्यात माणसांची नावं कमी आणि आकडे जास्त. मैदानावरच्या नऊ जागांना नऊ नंबर. चेंडू फेकणारा पिचर 1, फलंदाजाच्या मागे बसलेला कॅचर 2, पहिल्या बेसवरचा, म्हणजे धावणाऱ्याने गाठायच्या पहिल्या टप्प्यावरचा, 3, असं करत उजव्या कोपऱ्यातला 9. स्ट्राइकआउट झाला की के लिहायचा, आणि फलंदाज बॅट न हलवता नुसता बघत राहिला तर तोच के उलटा काढायचा. हे मला फारच आवडलं. माणूस बाद झाला एवढंच नाही, तर बघत बसला म्हणून बाद झाला, याची कायमची नोंद. एकदा चेंडू सरळ पिचरकडे घरंगळत आला, त्याने वाकून उचलला आणि पहिल्या बेसवर फेकला, धावणारा बाद. तिने लिहिलं, 1-3. पिचरने पहिल्या बेसला दिला. दुसऱ्या एका वेळी दोघं एकदम बाद झाले आणि तिने 6-4-3 लिहिलं. चेंडू ज्या ज्या हातांतून गेला ते सगळे हात त्या आकड्यांत. ज्याने नुसता मध्ये झेलून पुढे फेकला त्याच्या खात्यावरही असिस्ट म्हणून काहीतरी पडतं. आणि फलकावर धावा, हिट यांच्या शेजारी तिसरा रकाना, ई म्हणजे एरर, चुका. कुणाच्या हातून चेंडू सुटला की तिथला आकडा वाढतो आणि सामना संपेपर्यंत हजारो लोकांसमोर तसाच राहतो. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात असा एक फलक लावला तर काय होईल, असं सौ.च्या कानात म्हणालो, तर ती म्हणाली, तुमच्या बाजूचा रकाना पुरणार नाही.

या तक्त्याची सुरुवात ज्याने केली तो हेन्री चॅडविक मुळात इंग्लंडातून आलेला, क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा माणूस. म्हणजे आपल्याच वहीतून हे निघालं, आणि पुढे जाऊन आपल्यापेक्षा बारीक झालं. क्रिकेटच्या वहीत सुटलेल्या झेलाला जागाच नाही. आणि धावबादचं काय करतो आपण? ते सांगतोच.

रणजीच्या त्या दिवशी घरी आलो तो सरळ शिडी लावून माळ्यावर. बायको खालून विचारतेय काय शोधताय, मी म्हणतोय काही नाही. दिवाळीच्या कंदिलांच्या खोक्यामागे जुन्या गादीच्या कव्हरात बांधलेल्या सहा वह्या. त्यातल्या दोन वाळवीने खाल्लेल्या. पाहिजे होती ती शाबूत होती, फक्त कडा बिस्किटासारख्या झालेल्या. उघडली तर मैदानाचा नाही, माळ्याचाच वास आला. खरं सांगतो, मनात आपणच चूक ठरावं असं होतं. सात असावेत, मी विसरलेलो असावं. म्हणजे दुसऱ्या दिवशी जाऊन त्या पोराला सांगता आलं असतं, तुझे आजोबा बरोबर होते रे. पान सापडलं. गोलंदाजीच्या रकान्यात त्याचं नाव, षटकं 19, निर्धाव 6, धावा 41, आणि शेवटच्या चौकोनात लाल अक्षरात 5. माझं अक्षर, खाली दोन्ही स्कोअररांच्या सह्या. लाल शाई पानाच्या मागे फुटलेली.

पाचच होते.

वही बंद करायला हवी होती. पण सवयीने षटकं चाळत गेलो. त्याच्या अकराव्या षटकाच्या चौथ्या चेंडूवर आर लिहिलेला, निळ्या पेनाने. रन आउट. लाल नाही, कारण ही विकेट गोलंदाजाची नव्हे, तिच्यासाठी लाल पेन काढायचं नसतं. पुन्हा सतराव्या षटकात एक आर. फलंदाजांच्या बाजूला जाऊन बघितलं. त्या दोघांपुढे ‘रन आउट’ एवढंच, पुढे कोणाचं नाव नाही. आम्ही तेव्हा लिहीत नव्हतो. कुणी फेकला, कुठून फेकला, काही नाही. धावबाद म्हणजे आपल्या वहीत बेवारस विकेट. आणि अकराव्या षटकातला तो चेंडू माझ्या डोळ्यांसमोर आला. आला म्हणजे अगदी असा, की टेबलावरचा चहासुद्धा दिसला. सरळ मारलेला जोरकस फटका, हा फॉलो-थ्रूमध्ये डावीकडे झेपावला, चेंडू हाताला लागून थांबला, पलीकडचा फलंदाज दोन पावलं पुढे आलेला, आणि याने पडल्या पडल्या, गुडघ्यावरूनच फेकला. यष्ट्या उडाल्या. सगळे त्याच्याकडे धावले आणि मी निळं पेन उचललं. डरहमच्या बाईने तिथे 1 लिहिलं असतं. त्याचा 1. ती दुसरी मात्र मला काही केल्या आठवेना. पण त्याच्याच षटकातली, दोन आणि पाच सात. माझा हिशोब बसला. रात्री साडेअकराला मी माळ्याच्या शिडीवर बसून स्वतःशी म्हणालो, टॅली.

तिसऱ्या दिवशी वही पिशवीत घालून गेलो. तो आला नाही. त्यानंतरही नाही. महाराष्ट्राने तो सामना 439 धावांनी जिंकला, एवढ्या फरकाने जिंकलेला सामना आपल्या गावात बघायला मिळाला त्याचा आनंद व्हायला हवा होता, आणि मी चहाच्या गाडीपाशी माकडटोप्या मोजत फिरत होतो. मग ट्रॅक सुरू झाला. पंधरा दिवस मी रोज पिशवी घेऊन चाललो. ओळखीचे विचारायचे, भाजी घेऊन आलात की घ्यायला चाललात? वहीचं वजन असं फार नसतं, पण तिसऱ्या फेरीला खांद्याला कळतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तो दिसला. थंडी ओसरलेली, टोपी नव्हती, त्यामुळे लांबून ओळखलाच नाही. ईदगाहच्या बाजूच्या बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होता. नातू नव्हता, क्लासला गेला म्हणाला. मला त्याने ओळखलं. “या स्कोअरर साहेब,” म्हणाला, आणि मला त्या ‘साहेब’मध्ये टोचणी ऐकू आली, कदाचित नसेलही. मी बाजूला बसून वही काढली. इतके दिवस मनात घोकलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. पाच लाल, दोन निळे, धावबादला आपल्याकडे नाव लावत नाहीत, तिकडे बेसबॉलमध्ये चेंडू ज्याच्या हातून जाईल त्याचा नंबर टाकतात, डरहमची ती बाई, 1-3. अमेरिकेला जाऊन आलेल्या नातेवाइकाचं लोक ऐकतात तसं त्याने ऐकलं, मधून मधून मान हलवत. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि वही स्वतःच्या मांडीवर घेतली. एकेका नावावरून बोट फिरवत राहिला. दोन ठिकाणी थांबला आणि म्हणाला, हा गेला. हाही गेला. तिसऱ्या नावाशी हसला, कारण सांगितलं नाही.

अकराव्या षटकापाशी बोट आलं. “हा माझा. गुडघा सोलला होता.” पँट वर करून दाखवणार की काय असं वाटलं, पण नाही. सतराव्याकडे आला, बराच वेळ बघितलं. “हा नाही माझा,” म्हणाला. “हा कव्हरातून आला होता. तो प्रेसमधला उंच पोरगा नव्हता का, त्याचा थ्रो.”

मी म्हणालो, अहो मग सहाच होतात.

“सहा कसे?” तो म्हणाला. “पहिल्याच षटकात स्लिपमध्ये सुटला होता ना एक. सरळ हातात. तो तुम्ही धरलाच नाही की काय?”

मी पहिलं षटक काढलं. तिसऱ्या चेंडूपाशी ठिपका होता, नेहमीसारखा, जरासा ठळक. त्याने त्यावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून दुसऱ्या हाताने गोलंदाजीच्या रकान्यातलं आपलं नाव दाखवलं. “आणि हे बघा. आडनाव चुकवलंय तुम्ही. आमची वेलांटी दीर्घ.”

सह्या झालेल्या पानाला हात लावायचा नसतो. खिशात पेन्सिल होती.